दिवसा ऊन, रात्री हीव

वाचनभाग : उत्पत्ति ३१:३६-४२, यिर्मया ३६:२०-३१



२०२० सालचा नोव्हेंबर महिना दिल्लीत राहणाऱ्यांच्या स्मरणात दोन कारणांनी राहिला आहे. महामारीचे कारण सर्वांस ठाऊक आहे. दुसरे कारण थंडी. दिवाळी होऊन जेमतेम आठवडा लोटला होता, आणि २३ नोव्हेंबरच्या पहाटे सफदरजंग वेधशाळेतील पारा ६.३ अंश सेल्सिअसपर्यंत खाली आला. नोव्हेंबरात इतकी थंडी २००३ नंतर पडली नव्हती. महिना संपल्यावर हिशेब झाला तेव्हा किमान तापमानाची सरासरी १०.२ अंश भरली; १९४९ नंतरचा हा सर्वांत थंड नोव्हेंबर ठरला. जी थंडी डिसेंबरच्या उत्तरार्धात, नाताळच्या आगेमागे यावयाची, ती महिनाभर आधीच दारात येऊन उभी राहिली.

भाषांतराच्या कामानिमित्त माझा मुक्काम तेव्हा मुनिरका येथे होता. मुनिरका हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. गावाच्या जमिनी सरकारने संपादित केल्या आणि त्यांवर वसाहती, सरकारी निवासस्थाने, विद्यापीठ असे सारे उभे राहिले. गाव मात्र आपल्या अरुंद गल्ल्यांसह मध्येच उरले. गल्लीत ईशान्य भारतातून आलेली मुले, विद्यार्थी, नोकरदार, आणि गल्लीबाहेर आखीव वसाहती व त्यांच्या बागा. अशाच एका वसाहतीच्या बागेत त्या वर्षी नव्याने तुषार सिंचनाची नळयोजना बसविली होती. थंडीची बातमी आली तशी बागेच्या समितीची बैठक भरली, आणि मी मराठी माणूस असूनही (की असल्यामुळेच?) मला तिथे बसविण्यात आले. विषय एकच होता : या लवकर आलेल्या थंडीपासून तुषार सिंचनाचे नळ कसे वाचवावेत?

शब्दांच्या व्यवसायात असलेल्या माणसाला अशा वेळी पहिल्यांदा शब्दच दिसतात. आपण मराठीत ‘तुषार’ म्हणतो तेव्हा कारंजाचे किंवा धबधब्याचे उडणारे शिंतोडे आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण संस्कृतात तुषार म्हणजे थंडी, हिम, दहिवर हेदेखील आहे. म्हणजे आमच्या समितीपुढील प्रश्न असा होता, की तुषारापासून तुषारांचे रक्षण कसे करावे! ही गंमत मी बैठकीत सांगितली नाही. सभासदांच्या चेहऱ्यावर गमतीला जागा नव्हती.

त्यांची भीती कोठून आली होती हे लवकरच कळले. एका सभासदांचे चिरंजीव अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात राहतात. त्याच वर्षी ५ सप्टेंबर रोजी तेथील डेन्व्हर शहरात १०१ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअसच्याही वर, तापमान गेले होते, आणि तिसऱ्या दिवशी, ८ सप्टेंबरला, तेथे बर्फ पडले. उन्हाळा संपलासुद्धा नव्हता. अशा वेळी तेथील घरोघरच्या हिरवळीखाली जी नळयोजना असते तिची लोकांना मोठी काळजी लागते, आणि ती काळजी रास्त आहे. पाणी गोठते तेव्हा त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. नळात कोंडलेल्या पाण्याला वाढावयास जागा नसते. मग ते नळ फोडून जागा करते. फुटलेला नळ त्या रात्री कळत नाही. वितळल्यावर, उन्हाच्या दिवशी, पाणी सोडले की कळतो.

तेथील रीत अशी आहे. मुख्य झडप बंद करावयाची. सर्वांत सखल जागी जी तोटी असते ती उघडून नळातील पाणी जाऊ द्यावयाचे. हिवाळा पूर्ण बसण्यापूर्वी दाबयंत्राने हवा सोडून नळांत उरलेले पाणीही फुंकून बाहेर काढावयाचे. थंडी जर अशी अवचित, एकदोन रात्रींपुरतीच आली असेल, तर एवढे करण्याचीही गरज नसते. कारण जमीन उन्हाळ्याची ऊब धरून असते आणि पुरलेले नळ एकदोन रात्रींत गोठत नाहीत. धोका असतो तो जमिनीच्या वर उघडे राहिलेल्या भागाला. बागेचे पाणी उलटून पिण्याच्या पाण्यात जाऊ नये म्हणून जी झडप बसवितात, ती उघड्यावर असते आणि तीच आधी फुटते. म्हणून तिला चिंध्या, जुने कांबळे, फेसाची गुंडाळी असे काहीतरी बांधतात आणि वरून पाणी शिरू नये असे आच्छादन घालतात.

हे सारे डेन्व्हरला खरे आहे. श्रीनगरलाही खरे आहे. तेथे २१ डिसेंबरला चिल्ले कलानचे चाळीस दिवस सुरू झाले की नळ गोठतात आणि लोक नळांभोवती विस्तव पेटवून ते मोकळे करतात. लेह-लडाखला चाकरी केलेल्या आपल्या मराठी जवानांना विचारा, ते याहून अधिक सांगतील. पण मुनिरक्याला? दिल्लीच्या सफदरजंगची आजवरची सर्वांत थंड नोंद १६ जानेवारी १९३५ ची आहे, शून्याखाली ०.६ अंश. त्यानंतर सत्तर वर्षांनी, ८ जानेवारी २००६ रोजी, पारा ०.२ अंशावर आला आणि हिरवळीवर, मोटारींच्या काचांवर दहिवर गोठून पांढरे झाले. एवढी थंडी पहाटेच्या तासा-दोन तासांची असते. मातीत पुरलेला नळ तिला दादही देत नाही. खरे सांगावयाचे तर दिल्लीत बागेच्या प्लॅस्टिकच्या नळांचा वैरी हिवाळा नसून मे-जूनचे ऊन आहे. उघड्यावर पडलेले नळ त्याने ठिसूळ होतात. ६.३ अंशांत नळ फुटण्याची भीती ही परदेशातून दूरध्वनीवरून आलेली भीती होती.

बागेचा माळी हे जाणत होता. उत्तर प्रदेशातील खेड्यातून आलेला, पन्नाशी उलटलेला माणूस. त्याला विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला की नळाचे काही होणार नाही, काळजी पाल्याची करा. मराठी कानाला ‘पाला’ म्हणजे झाडाची पाने. माझ्या कानाने क्षणभर तोच अर्थ घेतला, आणि अर्थ चुकीचा असूनही तो गैरलागू नव्हता. हिंदीत पाला म्हणजे गोठलेले दहिवर. संस्कृत ‘प्रालेय’ शब्दापासून तो आला असे मानतात. पाला पडला की पाला जळतो, असे दोन्ही भाषांचे मिळून वाक्य होईल.

माळ्याचे शास्त्र साधे होते आणि अचूक होते. कोरड्या मातीपेक्षा ओली माती दिवसाचे ऊन अधिक साठवते आणि रात्री ते सावकाश सोडते. म्हणून ज्या रात्री कडाका पडेल असे वाटते त्या दिवशी दुपारी-सायंकाळी हलके पाणी द्यावे, पानांवर रात्रभर पाणी साचून राहील असे देऊ नये, आणि पहाटे गोठलेल्या हिरवळीवर कोणाला चालू देऊ नये, कारण गवताची गोठलेली पाती पावलाखाली मोडतात आणि दुपारपर्यंत तेथे काळे ठसे उमटतात. हरळी थंडीत पिवळी पडते खरी. पण ती मरत नाही, निजते, फाल्गुनात पुन्हा उठते. समितीला एवढे सांगून त्याचे काम संपले असते. परंतु त्याला बैठकीत बोलावलेच नव्हते.

आपल्या महाराष्ट्रात हे ज्ञान नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागायतदारांना कोणी शिकवावयास नको. निफाडचे नाव दर हिवाळ्यात वृत्तपत्रांत येते. तालुक्यातील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला याकडे बागायतदारांचे कान लागलेले असतात. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलीवर घड धरलेले असतात, मण्यांत पाणी भरत असते, आणि नेमके तेव्हाच हीव पडले तर मणी फुगण्याचे थांबतात, काही तडकतात, काही गुलाबी पडून निर्यातीला नाकारले जातात. म्हणून शेतकरी मध्यरात्रीनंतर उठतो. बांधावर ठिकठिकाणी शेकोट्या पेटवून धूर करतो आणि पहाटे विहिरीचे पाणी बागेला सोडतो, कारण भूगर्भातून आलेले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी उबदार असते.

जेथे खरोखर शून्याखाली थंडी जाते त्या देशांतील फळबागांत याच्याही पुढची युक्ती करतात, आणि ती मला फार विलक्षण वाटते. रात्रभर तुषार चालू ठेवून फुलांवर, कळ्यांवर पाणी गोठू देतात. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते. त्या उष्णतेने बर्फाच्या आतली कळी शून्याच्या फार खाली जात नाही आणि वाचते. मात्र एक अट आहे. एकदा पाणी सुरू केले की ऊन वर येऊन बर्फ वितळू लागेपर्यंत ते थांबवावयाचे नाही. मध्येच थांबविले तर ओल्या कळीवरून वारा वाहतो, पाण्याची वाफ होऊ लागते, आणि वाफ होताना तेच एक ग्रॅम पाणी सुमारे ६०० कॅलरी ओढून नेते. म्हणजे जी बाग अर्धी रात्र वाचविली ती मुळीच न वाचविलेल्या बागेपेक्षा अधिक करपते. माझ्या वाचकांत जे मंडळीची सेवा करतात, त्यांना अर्ध्या रात्री थांबविलेल्या मदतीची उदाहरणे आठवतील. मी ती येथे देत नाही. आपला विषय दुसरा आहे.

बैठकीत शेवटी ठरले ते असे. पंपाच्या खोलीला दार आणि कुलूप बसवावे. बाहेर उघड्या असलेल्या नळांना व झडपांना गोणपाट गुंडाळावे, वर प्लॅस्टिकचा कागद बांधावा. त्यासाठी पैसे मंजूर झाले. आणि हे सर्व रात्री कोणी चोरून नेऊ नये म्हणून रात्रपाळीच्या रखवालदाराने दर तासाला बागेत एक फेरी मारावी.

हा रखवालदार फाटकाजवळ पत्र्याच्या चौकीत बसत असे. चौकीला तीन बाजूंना पत्रा, चौथी बाजू उघडी. त्याच वर्षी मार्च ते मे या महिन्यांत, टाळेबंदीत, दिल्लीहून लाखो मजूर आपापल्या गावी पायी निघाले तेव्हा तो बिहारला गेला होता आणि ऑगस्टमध्ये परतला होता. दिवसाचे ऊन त्याने उन्हाळ्यात भोगले. आता रात्रीची थंडी भोगत होता. सकाळी मी फिरावयास जाई तेव्हा गोणपाटात गुंडाळलेली झडप आणि तिच्यापासून चाळीस पावलांवर हात काखेत घालून बसलेला हा माणूस, ही दोन्ही दृश्ये मला एकाच नजरेत दिसत.

आता वाचनभागाकडे येऊ. त्या सुमारास माझ्या टेबलावर उत्पत्तीच्या एकतिसाव्या अध्यायाच्या तपासणीचे काम होते. याकोब आपल्या मामाकडून, लाबानाकडून, बायकामुले आणि कळप घेऊन निघून जातो. लाबान पाठलाग करून त्याला गाठतो. आणि वीस वर्षे मनात साठलेले याकोब अखेर बोलून दाखवितो. पवित्र शास्त्रात मजुराच्या तोंडून आलेले हे पहिले सविस्तर गाऱ्हाणे आहे असे म्हटले तर चूक होणार नाही. तो सांगतो की तुमच्या शेळ्यामेंढ्यांचे गर्भ पडले नाहीत, श्वापदाने फाडलेले जनावर मी तुमच्या हिशेबात धरले नाही, त्याची तूट मीच सोसली. चोरी दिवसा होवो की रात्री, भरपाई माझ्याकडून घेतली. आणि माझे वेतन तुम्ही दहा वेळा बदलले. मध्येच, चाळिसाव्या ओवीत, तो दिवसाच्या उन्हाचा आणि रात्रीच्या हिवाचा उल्लेख करतो आणि डोळ्यांवरची झोप उडून गेल्याचे सांगतो.

इब्री भाषेत येथे दोन शब्द आहेत : दिवसासाठी ‘खोरेब’, म्हणजे कोरडा रखरखीत ताप, आणि रात्रीसाठी ‘केरख’. या ‘केरख’ शब्दाने भाषांतर करणाऱ्याला जरा अडविले जाते, कारण तो बर्फालाही चालतो आणि गोठविणाऱ्या थंडीलाही. बर्फ म्हटले तर मराठी वाचकापुढे हिमालय उभा राहतो. थंडी म्हटले तर शब्द फार गुळमुळीत होतो. थंडी आपल्याला आवडतेसुद्धा. आम्ही त्या दिवशी पुष्कळ वेळ ‘हीव’ या जुन्या शब्दापाशी थांबलो. तो हिमाचाच लेक आहे, हिवाळा त्याच्यापासूनच होतो, हिवतापात तोच आहे, आणि ग्रामीण भागात ‘हीव भरले’ म्हटले की अंगाचा थरकाप कळतो. (शहरी वाचकाला तो कळणार नाही अशी हरकत निघाली. अशी हरकत नेहमीच निघते.)

आमच्यापैकी एकाने शब्दसूची काढून हेच दोन शब्द इतरत्र जोडीने कोठे येतात ते पाहिले. ते येतात यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायात, तिसाव्या ओवीत. आणि कोणाविषयी? राजाविषयी.

तो प्रसंग आपणास ठाऊक आहे. यहोयाकीम राजाच्या कारकिर्दीचे पाचवे वर्ष, नववा महिना. हा नववा महिना म्हणजे किसलेव, आपल्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराचा. यरुशलेमात थंडी सुरू होण्याचा काळ. राजा आपल्या हिवाळी महालात बसला आहे आणि पुढे शेगडीत निखारे फुलले आहेत. संदेष्ट्याचे वचन लिहिलेली गुंडाळी त्याला वाचून दाखविली जात आहे. तीनचार स्तंभ वाचून झाले की राजा लेखकाच्या चाकूने तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो, आणि असे करता करता सारी गुंडाळी भस्म होते. कोणी भ्यायले नाही, कोणी वस्त्रे फाडली नाहीत, असे शास्त्र आवर्जून नमूद करते. यानंतर त्या राजाविषयी जो निवाडा सांगितला आहे तो असा, की त्याचे प्रेत बाहेर टाकले जाईल. दिवसा ‘खोरेब’ आणि रात्री ‘केरख’ त्याच्यावर पडेल.

हा निवाडा आम्ही कितीदा वाचला होता! गुंडाळी जाळण्याचे पाप मोठे, म्हणून शिक्षा भयंकर, एवढाच त्याचा अर्थ आम्ही घेत आलो. परंतु उत्पत्तीच्या त्या ओवीशेजारी ठेवून वाचा. राजाला मेल्यावर जे भोगावे लागणार ते याकोबाने जिवंतपणी, वीस वर्षे, रोज भोगले होते. मजुराची रोजची रात्र हीच राजाची शिक्षा आहे. देवाने या राजासाठी कोणतीही नवी यातना शोधून काढलेली नाही. ज्या जागी त्याने इतरांना बसविले होते त्या जागी त्याला नेऊन ठेवले आहे.

याला आधार यिर्मयातच आहे. बाविसाव्या अध्यायात याच यहोयाकीमाविषयी सांगितले आहे की त्याने प्रशस्त महाल बांधला, त्याला खिडक्या केल्या, गंधसरूचे तक्ते बसविले, हिंगुळाचा रंग दिला, आणि काम करणाऱ्याला मजुरी दिली नाही. शेगडीजवळचा राजा आणि वेतन बदलणारा लाबान यांच्यात फारसे अंतर नाही. त्या राजाला आलेली थंडी समजत नव्हती असेही नाही. समजत होती म्हणूनच तर शेगडी पेटविली होती. हिवाळी महाल बांधणाऱ्याला हिवाळा पुरता ठाऊक असतो. त्याला ठाऊक नसते ते एवढेच, की हिवाळा इतरांनाही असतो.

दोन्ही ठिकाणी एकच मराठी शब्द राखावा, म्हणजे जो वाचक लक्ष देऊन वाचील त्याला हा प्रतिध्वनी ऐकू येईल, असा आग्रह मी धरला आहे आणि धरीत राहीन.

आता कोणी म्हणेल की नळाला गोणपाट गुंडाळण्यात पाप ते काय? काहीच नाही. वस्तूची निगा राखणे हे कारभारीपण आहे आणि सार्वजनिक पैशाने आणलेली वस्तू तर अधिकच जपावी. निफाडचा शेतकरी वेल जपतो म्हणून आपण द्राक्षे खातो. प्रश्न गोणपाटाचा नाही. कोणत्या वस्तूपाशी आल्यावर आपली कल्पनाशक्ती चालते आणि कोणत्या माणसापाशी येऊन थांबते, हा आहे. डेन्व्हरमधील झडपेला काय होईल हे समितीला मुनिरक्यात बसून दिसले. चाळीस पावलांवरचे दिसले नाही.

नियमशास्त्राला मात्र ते दिसते. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी ते परत करावे अशी आज्ञा आहे. या आज्ञेचे वैशिष्ट्य असे की तिच्यात देव केवळ हुकूम देत नाही, वादही घालतो : त्याच्याजवळ एवढेच तर एक आहे, मग तो निजेल कशात, असे तो धनकोला विचारतो. सायंकाळच्या आत, असा वेळही ठरवून देतो. हवामान बदलण्यापूर्वी करावयाची कामे असतात हे शास्त्राला ठाऊक आहे. पुढे आमोस संदेष्टा आपल्या काळातील भक्तांवर ठपका ठेवतो तो हाच, की ते गहाण घेतलेल्या वस्त्रांवर, आणि तेही वेदीजवळ, पसरून बसतात. उपासना चालू आहे, आणि बसावयास घेतलेले आसन कोणाच्या तरी रात्रीचे पांघरूण आहे.

ही गोष्ट केवळ प्राचीन नाही. डिसेंबर २००९ मध्ये याच दिल्लीत पुसा रोडवरील चौकात बेघरांसाठी असलेला तात्पुरता रात्रनिवारा ऐन थंडीत पाडला गेला. चौकाच्या सुशोभीकरणासाठी तो हलविला असे तेव्हा छापून आले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने वृत्तपत्रातील बातमीवरून स्वतःहून त्याची दखल घेतली, आणि जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निवाऱ्यांची सोय तातडीने करण्यास सांगितले. त्यानंतर राजधानीत निवाऱ्यांची व्यवस्था पूर्वीपेक्षा सुधारली हे मान्य केले पाहिजे. न्यायाधीशांनी जे विचारले ते निर्गमच्या प्रश्नाहून फार निराळे नव्हते.

आणखी एक बाब सांगतो, कारण दिल्ली परिसरात राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना ती उपयोगी पडेल. हवेच्या प्रदूषणावर उपाय म्हणून राजधानी क्षेत्रासाठी जो टप्प्यांचा कृती आराखडा आहे, त्यात वसाहतींच्या निवासी संघांनी आपल्या रखवालदारांना विजेचे हीटर पुरवावेत असे स्पष्ट म्हटले आहे. हेतू मात्र पाहा : रखवालदाराला ऊब मिळावी हा नव्हे, तर त्याने काटक्या-कचरा जाळून धूर करू नये हा. कायदा आपल्या फुप्फुसांकडे पाहत होता आणि वाटेत त्याला तो माणूस दिसला. असो, दिसला हे काय थोडे? पौलाने तुरुंगातून लिहिले आहे की कोणी कोणत्या हेतूने का सुवार्ता सांगेना, सांगितली जात आहे यात मला आनंद आहे. हीटरच्या बाबतीत मीही तेच म्हणेन.

आणि ही सोय चैनीची नाही. उघड्या चौकीत बसवत नाही म्हणून माणूस दार लोटून कोळशाची शेगडी आत घेतो. कोंदट जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. असे मृत्यू उत्तर भारतात दर हिवाळ्यात होतात. यहोयाकीमाच्या शेगडीपुढे खिडक्या असलेला महाल होता. रखवालदाराच्या शेगडीभोवती पत्रा असतो. तेव्हा नुसते ‘त्याच्याकडे शेगडी आहे ना’ असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही.

नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीचे वर्णन आपल्या मंडळ्यांत लग्नप्रसंगी वारंवार वाचले जाते. त्यात एक हिवाळ्याची ओवी आहे. आपल्या घरच्यांसाठी तिला हिमाची भीती वाटत नाही, कारण त्या सर्वांना तिने किरमिजी वस्त्रे घातली आहेत. येथे एक जुना पाठभेदाचा वाद आहे. इब्री व्यंजने तीच ठेवून स्वर बदलले तर ‘किरमिजी’ऐवजी ‘दुहेरी’ असा अर्थ निघतो, आणि जेरोमच्या लॅटिन भाषांतराने तोच घेतला. थंडीचा विचार केला तर रंगापेक्षा दुहेरी कापड अधिक कामाचे, असे माझे मत. परंतु विद्वानांत एकमत नाही. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो ‘घरचे’ हा शब्द. त्याच अध्यायात, पंधराव्या ओवीत, ती पहाटे उठून घरच्यांना अन्न देते आणि दासींनाही त्यांचा वाटा देते. तेव्हा हिमाच्या ओवीत जे ‘सर्व’ आहेत, त्यांत दासी नाहीत असे मानण्यास काही आधार नाही. हिवाळा येण्यापूर्वीच तिने मोजणी केली आहे आणि मोजणीत कोणी सुटलेले नाही.

मुनिरक्यातील त्या वसाहतीचे पुढे काय झाले असे आपण विचाराल. फार नाट्यमय काही झाले नाही. डिसेंबरच्या बैठकीत एका वृद्ध बाईंनी, त्या शीख होत्या, विचारले की पंपाच्या खोलीला आता दार आहे, वीज आहे, तर रखवालदाराने फेऱ्यांच्या मध्ये तेथे का बसू नये? यावर बराच वाद झाला. पंपाच्या खोलीत विजेचे काम आहे, धोका आहे. चौकीत कोणी नसेल तर फाटक कोण उघडणार. आज हीटर दिला तर उद्या दुसरे काही मागतील. शेवटी चौकीच्या चौथ्या बाजूला दार बसले, त्याला काच बसली, वर झरोका ठेवला आणि फाटकाच्या दिव्यावरून वायर ओढून एक लहानसा हीटर दिला गेला. विजेचे बिल कोणी द्यावयाचे हा वाद मी दिल्ली सोडली तेव्हाही चालू होता. नळ अर्थातच एकही फुटला नाही.

आपल्याकडे नाताळ जवळ आला की मंडळीच्या आवारात रोषणाई होते, मध्यरात्रीच्या उपासनेची तयारी होते, फाटकावर रात्रभर माणूस लागतो. कब्रस्तानाचा माळी, मिशनच्या शाळेचा पहारेकरी, इस्पितळाच्या दाराशी बसणारा माणूस, हे सारे आपल्याच मोजणीतले आहेत. हिशेब तपासणाऱ्या पंचांनी नोव्हेंबरच्या बैठकीत एक ओळ त्यांच्यासाठी ठेवावी, जानेवारीत नव्हे. जानेवारीत ठरलेले कांबळे होळीला हाती येते. आणि ते कांबळे देताना त्याचे छायाचित्र काढून वार्षिक अहवालात छापू नये, एवढी विनंती.

पौलाचे शेवटचे मानले जाणारे पत्र, तीमथ्याला दुसरे, आपण वाचतो ते विश्वास राखला, धाव संपविली, या थोर शब्दांसाठी. त्या शब्दांनंतर अवघ्या काही ओव्यांत तो म्हातारा कैदी आपला झगा मागतो. त्रोवसात कार्पाच्या घरी राहिलेला झगा येताना घेऊन ये; आणि पत्र संपवता संपवता, हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर. भूमध्य समुद्रावरील गलबतांची ये-जा नोव्हेंबरच्या मध्यास बंद होत असे आणि मार्चपर्यंत सुरू होत नसे. म्हणजे पत्र हाती पडल्यावर तीमथ्याजवळ फार दिवस नव्हते. इफिसातले काम दुसऱ्याच्या हाती सोपवावयाचे, त्रोवसाला जावयाचे, कार्पाला गाठावयाचे, तो झगा आणि चर्मपत्रे घ्यावयाची, आणि शेवटच्या गलबतांपैकी एखादे मिळवावयाचे. तो वेळेत पोहोचला की नाही, हे शास्त्र कोठेही सांगत नाही.